मूठभर कोंडा

माझ्यावर सगळ्यात मोठे उपकार कुणाचे, असं कोणी विचारलं तर मी वळवी सिस्टरांचं नाव घेतो. ऐकणाऱ्याला नवल वाटतं. आमच्या घराण्यात पदवी घेतलेला मी पहिला. त्यामुळे लोकांना वाटतं, मी एखाद्या गुरुजींचं नाव घेईन, नाहीतर कापूस विकून मला शिकवणाऱ्या नानांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं. त्यांचं ऋण मोठं आहेच आणि ते मी चारचौघांत दोन वाक्यांत सांगूही शकतो. वळवी सिस्टरांनी आम्हाला काय दिलं, हे सांगायचं तर मला एक अख्खा हिवाळा सांगावा लागतो. तेवढा वेळ कुणाला नसतो. म्हणून आज लिहितो आहे.

यंदाही हिवाळा आला आहे. आमच्या खानदेशातली थंडी कोरडी. ओठ फुटतात, टाचांना भेगा पडतात, केळीच्या पानांच्या कडा पिवळ्या पडून करपल्यासारख्या दिसतात. कपाशीची वेचणी चालू असते, दादर ज्वारी कणसावर येते, आणि रविवारी कुणाच्या तरी मळ्यात भरिताची पार्टी ठरते. आमच्या शाळेतले सगळे शिक्षक जातात. तुरीच्या काड्यांचा जाळ, त्यात हिरवी मोठी वांगी, साल काढून ती ठेचायची, वर कांद्याची पात आणि मिरची, सोबत ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी. मी पोटभर खातो. पण भाजलेल्या वांग्याचा वास नाकात शिरला की त्याच्या मागोमाग स्पिरिटचा वास येतो. तो इतरांना येत नाही. धुळ्याच्या त्या दवाखान्याच्या आवारात पेशंटचे नातेवाईक तीन दगडांची चूल मांडून वांगी भाजत, आणि आतल्या दारातून स्पिरिटचा वास येऊन त्यात मिसळे. दोन्ही वास तेव्हापासून एकत्रच राहिले.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. मी जळगावला शाळेत विज्ञान शिकवायला लागून थोडी वर्षं झाली होती. मंगलला, माझ्या बायकोला, सातवा महिना होता. त्याआधी आम्हाला एक मुलगा झाला होता. तो जन्मला आणि दुसऱ्या दिवशी गेला. तेव्हा मंगल गुंगीत होती. मोठ्या माणसांनी ठरवलं, तिला दाखवू नका, त्रास होईल. नाना आणि मी त्याला पोचवून आलो, मग तिला सांगितलं. तेव्हा असंच करत आणि कुणी वाईट हेतूनं करत नसे. मंगलनं एकदाच विचारलं होतं, "केस होते का त्याला?" मी म्हणालो, होते. त्यानंतर तिनं त्याच्याविषयी पुन्हा काही विचारलं नाही.

हे दुसरं मूल, मुलगी. सातव्या महिन्यातच आली. रडण्याचा आवाज मांजरीच्या पिल्लापेक्षा बारीक, कातडी इतकी पातळ की आतल्या शिरा दिसाव्यात. जळगावच्या डॉक्टरांनी तिला हातात घेऊन पाहिलं आणि म्हणाले, "हिला पेटीत ठेवावं लागेल. धुळ्याला पेटी आहे. आत्ताच्या आत्ता निघा."

पेटी म्हणजे काचेची, आतून ऊब देणारी. हा शब्द आमच्याकडे सगळ्यांना माहीत होता आणि सगळे तो हळू आवाजात उच्चारत.

माझी आई, म्हणजे माय, गावाहून आलेली होती. तिनं येताना पिशवीभर घरचा कापूस आणला होता, सरकी हातानं काढून, पिंजून. बाळाला गादी भरायची म्हणून. त्याच कापसात तिनं नात गुंडाळली, फक्त नाक उघडं ठेवलं, आणि भाड्याच्या जीपमध्ये मांडी घालून बसली. मंगल जळगावला दवाखान्यातच राहिली. एरंडोल गेलं, पारोळा गेलं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पांढरी झालेली शेतं होती. त्यांतलाच कापूस मायच्या मांडीवर होता, आणि त्यात काहीतरी श्वास घेत होतं की नाही हे पाहायला मी सारखा वाकत होतो.

धुळ्याच्या त्या वॉर्डच्या दारात वळवी सिस्टर पहिल्यांदा भेटल्या. नवापूरकडच्या, ठेंगण्या, सावळ्या, गळ्यात बारीक साखळी आणि तिला क्रूस. चेहरा रागावल्यासारखा. तो तसाच होता हे नंतर कळलं. त्यांनी कापूस बाजूला करत करत मुलीला बाहेर काढलं, आत नेलं, पेटीत ठेवलं, नळी लावली, आणि मग परत दारात येऊन विचारलं, "आई कुठे आहे?"

"जळगावला," मी म्हणालो.

"मग अर्धाच पेशंट आणलात तुम्ही. उरलेला घेऊन या."

माय पुढे झाली. "बाळंतीण बाईले थंडीमा बाहेर काढतस का? तिना कानमा हवा गई म्हंजे?"

सिस्टरांना अहिराणी कळत होती, पण त्या उत्तर मराठीतच देत. "कान बांधून आणा, आजी. एकाऐवजी दोन रुमाल बांधा. पण आणा."

मी तोवर पाहिलेल्या दवाखान्यांत अशा लहान बाळांच्या खोलीला एक काच असायची. ठरल्या वेळी पडदा सरकायचा, बाहेर उभं राहून पाहायचं, पडदा बंद व्हायचा. इथल्या डॉक्टर मॅडमनी आणि वळवी सिस्टरांनी मिळून ती रीत मोडली होती. प्रत्येक पेटीशेजारी एक लोखंडी खुर्ची होती आणि ती खुर्ची आईची. चपला बाहेर, हात कोपरापर्यंत धुवायचे, अंगावर दवाखान्याचा झगा. आजीलाही आत यायची मुभा होती, बापालाही. हात धुताना सिस्टर मागे उभ्या राहत. "संध्या करताय का? पाणी शिंपडू नका, घासा."

मंगल दुसऱ्या दिवशी आली. डोक्याला दोन रुमाल, वर शाल. तिला उभं राहवत नव्हतं. सिस्टरांनी तिला खुर्चीत बसवलं, पेटीच्या भोकातून तिचा हात आत घातला आणि मुलीच्या डोक्यावर ठेवला. मुलीचं डोकं मोसंबीएवढं. मंगलची बोटं त्या डोक्यावरून फिरली. मग ती माझ्याकडे न पाहता म्हणाली, "हिलाही केस आहेत."

मायचा कापूस परत पिशवीत भरून दारात पडून होता. बाळाला तो चालणार नव्हता, त्यात धूळ, शेतातली पाचोळ्याची कणी. कुणी दुसरं असतं तर तो बाहेर फेकून दिला असता. सिस्टरांनी पिशवी उचलली, चाचपली आणि मायला म्हणाल्या, "चांगला लांब धाग्याचा आहे. बाळाला नको, बाळाच्या आईच्या पाठीला लावू. या खुर्च्यांचे गज टोचतात." मायनं आवारात बसून जुन्या लुगड्याची खोळ शिवली, त्यात तो कापूस भरला. मंगलच्या पाठीशी तो तक्क्या लागला तेव्हा माय पहिल्यांदा आत येऊन शांत बसली. तोवर ती दारातच घुटमळत होती, परक्याच्या घरी आल्यासारखी.

आता मी मुलांना उष्णतेचं वहन शिकवतो. गरम वस्तूकडून गार वस्तूकडे. ते वाक्य फळ्यावर लिहिताना दरवर्षी माझा हात क्षणभर थांबतो. तेव्हा धुळ्याला वीज सारखी जायची. वीज गेली की पेटी गार पडायला लागायची. मग सिस्टर टाळ्या वाजवत, "चला, आया, छातीशी घ्या." एकेक बाळ आईच्या छातीशी, उघड्या कातडीला कातडी, वरून शाल. मंगल थकली की माझी पाळी. मायच्या देखत सदरा काढायला मला लाज वाटली. शेजारच्या खुर्चीवर सावद्याचे बबनभाऊ होते, केळीचे शेतकरी, त्यांच्या जुळ्या मुली तिथे होत्या. ते म्हणाले, "मास्तर, बनियन बी काढा ना. इथं काय कुस्ती लावून राह्यले का?"

"तुम्ही काढलं का?"

"मी तं दोन पोरींचा बाप आहे भाऊ. एक इकडं, एक तिकडं. आमी थंडीत केळीच्या घडाले पोतं गुंडाळतो, मले सवय आहे." मग आवाज खाली आणून म्हणाले, "मेथी खाल्ली का तुम्ही? तिचा वास घामाले येतो. नाही ना? मंग काही हरकत नाही. पोरगी तक्रार नाही करणार."

त्यांच्या बायकोला, निर्मलावहिनींना, हसू आवरेना. सिस्टरांनी वळून पाहिलं तेव्हा त्यांनी शालीत तोंड लपवलं. ते हसणं आठवलं की मला अजून बरं वाटतं. मुलगी माझ्या छातीवर होती. तिचं वजन जाणवत नव्हतं, फक्त एक ओलसर ऊब. आणि तिचं हृदय, एखाद्या पाखराचं धडधडावं तसं, माझ्या हृदयापेक्षा कितीतरी पुढे धावत होतं.

ती श्वास घ्यायला विसरायची. इतक्या लवकर जन्मलेल्या मुलांचं असं होतं, मॅडमनी समजावून सांगितलं होतं. मध्येच छाती हलायची थांबे, ओठ जांभळे होत. सिस्टरांनी आम्हाला शिकवलं, तळव्याला बोटानं हलकी टिचकी मारायची. "विसरभोळी आहे तुमची पोर. आठवण करून द्यायची बस." टिचकी मारली की ती दचके, तोंड वेडंवाकडं करी आणि पुन्हा श्वास सुरू. मंगल तासन्‌तास तिच्या छातीकडे पाहत बसे. माय शेजारी बसून तळवा धरून ठेवी. मी वर्गात किती विसरभोळ्या मुलांना टपली मारली असेल. त्यानंतर माझा हात कधी उठला नाही.

मॅडम खोटं बोलत नसत. एका सकाळी त्यांनी आम्हा दोघांना पेटीजवळच उभं केलं, बाहेर नेलं नाही. मुलीचा रंग बदलला होता. अंगावर जाळीसारखे डाग होते, पाजलेलं दूध पचत नव्हतं. "जंतू रक्तात गेलेत," मॅडम म्हणाल्या. "औषध सुरू केलंय. पण मास्तर, मंगल, मी आशा लावणार नाही. तुम्ही जवळ बसा."

त्याच दिवशी मायनं ते केलं.

आमच्याकडे एक जुनी रीत होती. ज्या घरात मूल टिकत नाही, तिथे नवं मूल सुपात घालून दुसऱ्या बाईच्या ओटीत टाकायचं, जिची मुलं जगलीत तिच्या. ते मूल तिचं झालं. आपल्या घराचं जे काही वाईट लागलेलं असेल ते मग त्याला ओळखत नाही. पुढे मूल धडधाकट झालं की मूठभर कोंडा देऊन परत सोडवून आणायचं. कोंड्याच्या मोलाचं म्हणून त्याच्यावर कुणाची नजर जात नाही. आमच्या गावात कोंडाबाई नावाच्या दोन म्हाताऱ्या होत्या, दोघी अशाच सोडवून आणलेल्या.

माय सिस्टरांसमोर उभी राहिली. "बाई, तुले कितला पोरं शेतस?"

"तीन."

"बठ्ठा जगनात?"

"जगले की. थोरला तर मलाच ओरडतो."

"मंग हाई चौथी ठेव."

सिस्टर माझ्याकडे पाहायला लागल्या. मी रीत समजावून सांगितली. सांगताना मला संकोच वाटत होता. त्यांनी गळ्यातला क्रूस बोटांत धरला. मायनं ते पाहिलं. "देव कोनता बी असू दे," ती म्हणाली, "तुनी पोरं जगनात ना."

सिस्टर मला कोपऱ्यात घेऊन म्हणाल्या, "मला हे काही पटत नाही, मास्तर. पण मी आजीला आत घ्यायचं आणि आजीनं आणलेलं दारात ठेवायला सांगायचं, हे कसं जमेल? बाळाला इजा होत नाही ना, मग होऊ दे." सूप आत येणार नव्हतं. स्टीलचा ट्रे उकळून घेतला, त्यावर स्वच्छ कापड घातलं. मायनं नळ्या सांभाळत सांभाळत मुलीला त्यात ठेवलं आणि सिस्टरांच्या पुढे धरलं. "हाई पोर आते तुनी शे. मनी नही, मंगलनी नही." सिस्टरांनी ट्रे घेतला, म्हणाल्या, "बरं, माझी." आणि मुलीला परत मंगलच्या छातीशी दिलं. "माझी पोर सांभाळ गं जरा."

मंगल हसली. त्या हिवाळ्यातलं तिचं मला आठवणारं हेच शेवटचं हसू.

मुलीनं मग दोन-तीन दिवस बरे काढले. डाग फिके झाले, वाटीतलं दूध नळीतून गेलं आणि राहिलं. मी रीत मानत नव्हतो, जंतू आणि औषध मानत होतो. तरी मीही चेष्टेत "सिस्टरांची पोर" म्हणायला लागलो होतो. बबनभाऊ म्हणत, "मास्तर, आता सिस्टरच्या घरी जेवाले जावं लागीन, व्याही झाले तुम्ही." आवारात भरीत झालं त्या दिवशी. निर्मलावहिनींनी मंगलसाठी बिनमिरचीचं वेगळं काढून ठेवलं होतं.

आणि मग एका दुपारी, ऊन खिडकीतून खुर्च्यांवर आलेलं असताना, ती मंगलच्या छातीवर असताना, पुन्हा श्वास विसरली. मंगलनं टिचकी मारली. मायनं दुसऱ्या तळव्याला मारली. सिस्टर धावत आल्या, मॅडम आल्या, तिला टेबलावर घेतलं, नळी, फुगा, दोन बोटांनी छाती दाबणं. त्यांनी आम्हाला बाहेर काढलं नाही. सगळं आमच्या डोळ्यांदेखत केलं, म्हणून करायचं काही राहिलं नव्हतं हे आम्ही पाहिलं. शेवटी मॅडमनी हात बाजूला घेतले आणि मंगलच्या खांद्यावर ठेवले. इतकंच.

मी मंगलकडे पाहिलं. तिचा चेहरा आकसला होता, रडू फुटायच्या बेतात. तेवढ्यात माय तिच्या कानाशी वाकली. "रडू नको. कसाले रडस? ती आपली नही. त्या बाईनी शे. आपलं काही गयं नही."

आणि मंगलचं रडू आत गेलं. मी ते जाताना पाहिलं. विझवल्यासारखं.

माय दुष्ट नव्हती. तिला सून वाचवायची होती. तिच्या हिशेबानं मरण फसलं होतं, आमचं समजून दुसऱ्याचं मूल घेऊन गेलं होतं. आता फक्त आपण गप्प राहायचं, म्हणजे पुढच्या मुलाचा रस्ता मोकळा. कोंडा देऊन सोडवायचं ते जिवंत मूल. मेलेलं परत आणायची रीतच नव्हती, कारण ते परत यावं असं कुणाच्या मनात कधी आलं नसावं.

सिस्टर मुलीला कापडात गुंडाळून आल्या. मंगल ताठ बसली होती, पाठ त्या तक्क्यालाही न टेकता. "घे," सिस्टर म्हणाल्या. मंगलनं हात पुढे केले नाहीत.

"मंगल?"

"ती तुमची आहे," मंगल म्हणाली. "माय म्हणतात, ती माझी नाही."

सिस्टर तिथेच उभ्या राहिल्या. त्यांचा तो कायमचा रागीट चेहरा एकदम उतरला. "अगं, मी घेतली ती आजीचं मन राखायला," त्या म्हणाल्या. "असं होईल हे मला कळलंच नाही." मग त्या मंगलसमोर खाली जमिनीवर बसल्या, झग्यासकट, मांडीवर मुलगी. "तुला हवी आहे का? खरं सांग. नको असेल तर मी माझी म्हणून पोचवते, मला जड नाही. हवी असेल तर तू म्हण."

माय दारातून म्हणाली, "मरी गयेल पोर घरमा आनू नको, मंगल. पुढे तुले पोरं व्हतीन. तिले राहू दे तठेच."

मंगलनं मायकडे पाहिलं. सासूला उलट बोलताना मी तिला कधी ऐकलं नव्हतं, तेव्हाही ती बोलली नाही. ती सिस्टरांना म्हणाली, "कोंडा कुठे मिळेल?"

निर्मलावहिनी उठल्या. आपल्या दोन्ही मुली त्यांनी नवऱ्याच्या छातीवर दिल्या आणि बाहेर गेल्या. आवारात त्यांच्या डब्यात गव्हाचं पीठ होतं. ते त्यांनी पदरावर घेऊन लुगड्याच्या पातळ तुकड्यातून चाळलं. थोडासाच कोंडा निघाला. तो वाटीत आणला. मंगलनं हात धुतले, कोपरापर्यंत, घासून. वाटीतला कोंडा मुठीत घेतला आणि सिस्टरांच्या हातावर सोडला. थोडा बोटांतून झग्यावर सांडला. सिस्टरांनी मूठ मिटली, दुसऱ्या हातानं मुलगी उचलून तिच्या मांडीवर दिली. "तुझी पोर. घे."

माय निघून गेली. ती बाहेर बाकावर जाऊन पाठ करून बसली.

सिस्टरांनी कोमट पाणी आणलं. मंगलनं मुलीला अंघोळ घातली. नळ्यांच्या चिकटपट्ट्यांचे डाग हळूहळू काढले, बोटांच्या बेचक्या पुसल्या, केस पुसले. टाळूला तेल लावलं. तोवर नळ्यांमुळे तिचा अख्खा चेहरा आम्ही कधी पाहिला नव्हता. हनुवटी नानांसारखी होती. मंगल रडली नाही. तिनं खूप सावकाश सगळं केलं, जणू घाई केली तर काही राहून जाईल. कुणी तिला "आवरा" म्हटलं नाही.

पांझरा नदीच्या काठी बबनभाऊ माझ्याबरोबर आले. खड्डा त्यांनीच खणला, मला फावडं धरवेना. माती टाकण्याआधी ते म्हणाले, "खोल केलं, मास्तर. थंडी नाही लागणार." आणि मग इतका वेळ चेष्टा करणारा तो माणूस तोंड फिरवून उभा राहिला. त्यांच्या मुली पुढे घरी गेल्या. एक वाढली, दुसरी पुढच्या हिवाळ्यात गेली, असं कुणाकडून तरी कळलं.

आम्हाला पुढे मूल झालं नाही. डॉक्टरांनी त्याची कारणं सांगितली, ती मला समजली, कारण मी विज्ञानाचा माणूस. माय मात्र अखेरपर्यंत एकच कारण मानत गेली, आणि मला तिला खोटं पाडता आलं नाही. खोटं पाडायला एक मूल लागलं असतं. भांडण कधी झालं नाही. ती सुनेच्या हातचं खायची, सून तिचे पाय चेपायची, आणि दोघींच्या मध्ये ती कोंड्याची वाटी असायची. गेली तेव्हा मंगलच तिच्या उशाशी होती.

कोणी नवी ओळखीची बाई मंगलला विचारते, मुलं किती. मंगल सांगते, "दोन झाली. राहिली नाहीत." विचारणारीला अवघडल्यासारखं होतं. मंगलला होत नाही.

काही वर्षांनी कामानिमित्त धुळ्याला गेलो तेव्हा त्या वॉर्डपर्यंत गेलो होतो. मॅडम सोडून गेल्या होत्या, वळवी सिस्टरांची बदली झाली होती, कुठे ते कुणी नीट सांगेना. दाराला काच बसवली होती. आतून पडदा. बाहेर एक तरुण मुलगा काचेला कपाळ टेकून उभा होता. मी त्याला विचारलं, बाळाची आई कुठे आहे. "घरी," तो म्हणाला. "इथं आत सोडत नाहीत." मी त्याच्याजवळ थोडा वेळ थांबलो. पडदा उघडायची वेळ झाली नव्हती. मग मला बस होती, निघालो.

यंदा थंडी जरा जास्तच आहे. सकाळी मंगल ओट्यावर उन्हात बसते, शाल घेऊन, एक हात छातीशी. तसं बसायची तिला सवयच झाली आहे. मी चहा आणून देतो. त्या हिवाळ्याबद्दल आम्ही बोलत नाही. पण तो आम्हा दोघांचा आहे. पहिल्या मुलाच्या वेळी हिवाळा होता की उन्हाळा, ते तिला आठवतही नसेल, कारण तो मुलगा तिला कुणी दिलाच नव्हता.

घरी परतल्यावर थोड्या दिवसांनी मी सिस्टरांना पत्र लिहिलं होतं. आधी कच्चं लिहून मग पक्कं करायची माझी शाळेपासूनची सवय, म्हणून कच्चं माझ्याकडे राहिलं. उत्तर आलं नाही. त्यांना ते मिळालं असेल असं मी धरून चालतो.

आदरणीय वळवी सिस्टर यांना,
सप्रेम नमस्कार.

मी भास्कर, जळगावचा शिक्षक. तुमच्याकडे इतके लोक येतात, तेव्हा ओळख लागावी म्हणून लिहितो, जिनं कोंडा दिला त्या मंगलचा नवरा.

निघताना मी तुमच्या पाया पडायला आलो होतो, पण तुम्ही एका नव्या बाळाला नळी लावत होता. म्हणून दारातूनच गेलो. ते बाळ कसं आहे?

आम्ही बरे आहोत असं लिहायची पद्धत आहे. बरे नाही. मी शाळेत जातो. मंगल घरातलं सगळं करते, बोलत नाही. मायनं घरात सांगून ठेवलं आहे की कुणी विषय काढायचा नाही. येणाऱ्याजाणाऱ्यांनाही ती दारातच तसं सांगते. मंगलनंही तो कुणापाशी काढला नाही, माझ्यापाशीसुद्धा नाही. मला भीती वाटत होती की हिचं सगळं आत राहून जाणार.

मंगलला दूध येत होतं. तुम्ही सांगितलं होतं, आपोआप आटेल, ओढून काढू नको. रोज सकाळी पोलकं भिजलेलं असायचं, ती काही न बोलता बदलायची. काल सकाळी ते कोरडं होतं. ती स्वयंपाकघरात आली, चुलीपुढे बसली, आणि मोठ्यानं रडायला लागली. सिस्टर, इतक्या मोठ्यानं मी तिला कधी ऐकलं नव्हतं. "माझी पोर" म्हणत होती. पुन्हा पुन्हा तेच. हे दोन शब्द तिला तुमच्यामुळे म्हणता आले, एवढंच कळवायला हे पत्र.

माय तिथेच भाकरी थापत होती. मला वाटलं, आता ती हिला गप्प करेल. ती हातातलं पीठ परातीत ठेवून उठली, बाहेरचं दार आतून लावून आली, आणि पुन्हा भाकरी थापायला बसली.

आपला नम्र,
भास्कर